वडिलांचा निरोप समारंभ

निरोप समारंभात वडिलांना शाल मिळायची होती आणि चार वर्षं नोकरी शोधणाऱ्या पुष्करला त्यांची रिकामी खुर्ची. वडिलांच्या पतसंस्थेने त्या जागेसाठी घेतलेल्या भरती परीक्षेत पहिला नंबर त्याचाच होता.

"आता तरुणांनी पुढं यावं," वडील भाषणात म्हणाले. सगळ्यांत आधी टाळी पुष्करने वाजवली.

अध्यक्ष उठले. "भाऊ, तुमच्याशिवाय संस्था पोरकी होईल हो! अजून तीन वर्षं तुम्हीच सांभाळा."

"आता एवढा आग्रहच आहे म्हटल्यावर..." शाल सावरत वडील पुन्हा त्याच खुर्चीत बसले.

सोमवारपासून पुष्करलाही काम लागलं. वडिलांना रोज स्कूटरवरून कचेरीत सोडायचं.

"जरा लवकर उठत जा," मागून वडील म्हणाले. "तुमच्या पिढीला कष्टच नकोत."

स्कूटरमधलं पेट्रोल पुष्करने शिकवण्या घेऊन कमावलेल्या पैशांचं होतं.