शलाकाचे हात

पुस्तक प्रदर्शनात माझ्या सहीसाठी रांग लागली होती. वीस वर्षं मी शलाकाच्या चित्रकथा काढतोय. कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. टीव्हीवर शलाकाची मालिका आली आणि खप वाढला. मालिकेतल्या नटीचे हात नितळ. "नव्या आवृत्तीत अशीच दिसू दे," प्रकाशक म्हणाले. माझ्या शलाकाच्या हातांवर कोड होतं, त्या पांढऱ्या डागांतूनच ती गुंडांवर वीज सोडायची. मी मुकाट्यानं ते पुसून टाकलं.

रांगेतल्या एका छोट्या मुलीनं जुनं आणि नवं पुस्तक शेजारीशेजारी ठेवलं. बाही बोटांपर्यंत ओढलेली होती.

"काका, हिचं कोड कुठल्या औषधानं गेलं?"

शरमेनं माझी मान वर होईना.

"औषधाचं नाव इथं लिहून द्या," म्हणत तिनं बाही वर सारली आणि पांढऱ्या डागांचा हात माझ्या पेनाखाली धरला.