घरट्यावरचा कॅमेरा

नर करकोचा परत आला, तेव्हा ट्रायानने कपाळावर हात मारून घेतला.

एकोणतीस दिवस झाले होते. फाटकाबाहेरच्या विजेच्या खांबावर मादी एकटी उभी होती आणि ट्रायानचा कॅमेरा तिला दिवसरात्र जगाला दाखवत होता. मागच्या वर्षी घरट्यात जोडी होती, तेव्हा त्याच्या वेबसाइटवर कुत्रंही फिरकलं नव्हतं. दोन पक्षी, चार पिल्लं, तोंडात बेडूक. दुसऱ्याचा सुखाचा संसार फुकटातसुद्धा कोण बघतो? यंदा आफ्रिकेहून मादी आली, नर आला नाही, आणि ट्रायानचं नशीब फळफळलं. जर्मनीतल्या विधवा, पोलंडमधल्या निवृत्त शिक्षिका सकाळी दात घासायच्या आधी वेबसाइट उघडायच्या. आला का तो? नाही आला. मग डोळे पुसायच्या. पुसता पुसता शेजारची गुडघ्याच्या मलमाची जाहिरात त्यांच्या नजरेस पडायची, आणि दर बाईमागे ट्रायानला चिमूटभर पैसे मिळायचे. बायका हजारोंनी होत्या.

ट्रायानची बायको रोडिका चार वर्षं इटलीत एका म्हातारीची शुश्रूषा करत होती. घराचं नवं छप्पर तिच्या पैशांतून झालं आणि कॅमेराही. दोघांचं ठरलं होतं की वेबसाइट तिच्या पगाराइतकं देऊ लागली की तिने कायमचं घरी यायचं. ईस्टरच्या आधी पंधरा दिवस म्हातारी वारली. रोडिकाने फोन केला.

"इथं दुसरं घर विचारतंय. अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे. हो म्हणू, की येऊ?"

"पैसे आता तुझ्या पगाराच्या वर जातायत," ट्रायान म्हणाला. एवढं मात्र तो खरं बोलला.

"मग येतेच!"

"थांब गं जरा. आत्ता कुठं रंगात आलंय."

रंगात काय आलं होतं ते त्याने सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यानंतर बघणाऱ्या बायका गळू लागल्या, तेव्हा त्याने घरट्याच्या चित्राखाली दोन ओळी लिहिल्या होत्या: 'वर ती वाट बघते, खाली मी. माझीही बायको परदेशी आहे.' बायका दुपटीने परतल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी ट्रायान खांबाखालच्या बाकावर, कॅमेऱ्यात नेमका येईल असा, टोपी मांडीवर ठेवून बसायचा. हॅम्बुर्गच्या एका बाईने त्याला लोकरीचे मोजे विणून पाठवले. तेही तो कॅमेऱ्यात दिसतील असे घालायचा.

शेजारची व्हेतामावशी कुंपणावरून विचारायची, "काय रे, आज किती उसासे झाले?"

"मावशी, हा धंदा आहे."

"म्हणून तर विचारतेय. बायको आली की काय विकशील?"

मावशीच्या तोंडाला कोण लागणार? आमच्या गावात कोणी लागत नाही.

आणि आज, ईस्टरच्या आदल्या दिवशी, नीट उजाडायच्या आत नर येऊन घरट्यात उतरला. दोघांनी माना मागे टाकून चोची वाजवायला सुरुवात केली. सगळी गल्ली दणाणली. ट्रायान अंथरुणातून तसाच बाहेर धावला. पुढे काय होणार ते त्याला स्वच्छ दिसत होतं. आज सगळ्या जणी आनंदाने रडतील आणि उद्यापासून एकही येणार नाही. लग्नाच्या पंगती उठल्या की मांडवात कोण थांबतं?

बायका अजून झोपेत होत्या. त्याने कॅमेरा बंद केला, 'वीज गेली आहे' अशी पाटी लावली, कोठारातून अक्रोड झोडायची लांब काठी आणली आणि खांबाला शिडी लावली. पहिला तडाखा हुकला. दुसरा पंखावर बसला. नर उडाला आणि चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन बसला. ट्रायान खाली उतरला, शिडी आत ठेवली, कॅमेरा सुरू केला. मादी पुन्हा एकटी उभी होती. काठी अजून त्याच्या हातातच होती, तेवढ्यात इटलीहून आलेली छोटी बस फाटकापासून चार पावलांवर थांबली.

रोडिका उतरली. खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला आनंदच झाला. चार वर्षांनी ती समोर होती, थोडी वाळलेली, केस आखूड केलेली.

"नाही राहवलं," ती म्हणाली. "म्हटलं, ईस्टरची अंडी घरीच रंगवायची." बॅग उचलून ती फाटकाकडे निघाली.

"थांब! तिथंच थांब!" ट्रायान ओरडला. "कॅमेरा चालू आहे."

"असू दे की. बघू देत सगळे, मी आले ते."

"अगं तेच तर नको ना! मागच्या दारानं ये. आणि थोडे दिवस पुढं अंगणात येऊ नकोस. ऑगस्टपर्यंत फक्त. करकोचे गेले की मोकळी."

रोडिका त्याच्याकडे बघत राहिली. मग काठीकडे. "अक्रोड तर सप्टेंबरात झोडतात," ती म्हणाली.

वर पंख फडफडले. नर मनोऱ्यावरून परत आला होता, एक पंख जरा लोंबता. पुन्हा चोची वाजू लागल्या. ट्रायानने शिवी हासडली आणि त्याच्या नकळत काठी वर गेली.

ड्रायव्हर तिची दुसरी बॅग उतरवत होता. रोडिकाने हात करून त्याला थांबवलं आणि हातातली बॅगही परत गाडीत ठेवली.

"रोडी, अगं ऐक तरी..."

"तो पक्षी आहे रे," बसच्या पायरीवर चढत ती म्हणाली, "काठी खाऊनही घरी येतो. माणसाला मागचं दार दाखवलं तरी पुरतं."