घरातला मामला

१९७१ सालची नागपंचमी जवळ आली होती. पारावर रेडिओ ऐकून मी तावातावाने म्हणालो, "शेजारच्या देशात माणसांचे एवढे हाल, आन् वर म्हणतात, हा आमच्या घरातला मामला हाय! साऱ्या जगानं रेटा लावला पायजे."

त्याच सकाळी माझ्या बायकोला, विजयमालाला, सणासाठी न्यायला राहात्याहून आलेल्या मेव्हण्याला मी एकट्यालाच परत पाठवलं होतं. आईचं तोंड पाहून तिला दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर काय बोलली, कोण जाणे. सरपंचापासून गोजरकाकूपर्यंत जो तो ओट्याशी थांबून विचारू लागला, "गहिनीनाथ, सूनबाईला माहेरी कधी धाडतूस?"

शेवटी मी ओरडलो, "त्यो माझ्या घरातला मामला हाय!"


आतून विजयमाला म्हणाली, "अगं बाई, रेडिओ घरी कधी आनला?"