सुटून राहिलेलं पिल्लू

पिंजऱ्याच्या कोपऱ्यातलं गवताचं पोतं उचललं, तर मागे पिल्लू. जिवंत. चंद्राबाई तिथंच खाली बसली.

लोधिवलीजवळच्या त्या फार्महाऊसवर गिनीपिगची मादी मेली, त्याला आठ दिवस झाले होते. मागे तीन पिल्लं, पाच-पाच दिवसांची. दोन फार्महाऊसची राखण करणाऱ्या चंद्राबाईनं उचलून घरी नेली. तिसरं दिसलंच नाही, तेव्हा बोक्यानं नेलं असं ठरवून तिनं बोक्याला पोटभर शिव्या घातल्या आणि विषय संपवला. मग पिंजऱ्यातल्या मोठ्यांना ती दारातूनच गवत टाकून परतायची. घरी दोन जीव वाट बघत होते ना.

त्या दोघांचं तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? आईवेगळी करडं जगवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. तशीच ही पदरात घेतली, मान वर धरली, ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजलं. पिल्लं सुपातल्या मेथीकडे धावायची, म्हणून सूप फळीवर ठेवलं. दूध तुटायच्या आधी पाला दिला की करडाला हगवण लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. तरीही हगवण लागलीच. एक सोमवारी गेलं, दुसरं काल सकाळी.

आणि हे. गुबगुबीत, अंगावर तकाकी. गवताची काडी टोकापासून कुरतडत आत ओढत होतं. चंद्राबाईनं अलगद त्याचा ओठ वर केला. दात होते. चांगले पांढरे, बारीक. इतके दिवस दोघांच्या तोंडात ड्रॉपर घातला, पण दात बघायचं काही तिला सुचलं नव्हतं.

मालकांची मुलगी नम्रता मुंबईहून आली ती थेट पिंजऱ्याकडेच. दोन गेल्याचं तिला काल फोनवर कळलं होतं. चंद्राबाईच्या मांडीवर पिल्लू बघून तिचे डोळे भरून आले.

"हे तिसरं ना? मावशी, एक तरी वाचवलंत तुम्ही."

नम्रता शेजारी बसली, पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"कसं खातंय बघा. पहिल्या दिवसापासून पाला खातात म्हणे ही, जन्मतःच दात असतात. मी वाचलं होतं. तुम्हाला फोन करणार होते, पण म्हटलं, चंद्रामावशींना आपण काय शिकवायचं?"

"शिकवायचं व्हतं गं ताई," चंद्राबाई म्हणाली. तिनं पिल्लू उचलून परत गवतात सोडलं आणि हात पदराला पुसले.

"आनि ह्ये मी नाय वाचवलं. ह्ये मला घावलं नाय, म्हनून वाचलं."