दोन ओळींचं शिफारसपत्र

एकट्या बाईची गाडी अडवायची आणि झडतीच्या नावाखाली अंगाला हात लावायचा, अशी पोलीस शिपाई ब्रँटबद्दल तिसरी तक्रार आली, तेव्हा ठाणेप्रमुख हॅस्केटनं त्याच्याकडून गुपचूप राजीनामा लिहून घेतला.

"साहेब, सरळ हाकला की! राज्याच्या मंडळाला कळलं तर पोलिसाचा परवानाच जाईल त्याचा," कारकून डोरीन म्हणाली.

"आणि वर्षभर चौकशीला हेलपाटे मी घालू? राजीनामा दिला की मंडळाला कळवावं लागत नाही. ब्याद गेली, बस्स."

वर त्यानं ब्रँटला दोन ओळींचं शिफारसपत्रही दिलं. सगळेच देतात.

दोन वर्षांनी, भर दुपारी, कॉलेजहून घरी निघालेल्या लेकीचा हॅस्केटला फोन आला.

"बाबा, रागावू नकोस हं. पोलिसानं अडवलंय. वेगात नव्हते रे मी! सगळीकडे नुसता मका आहे, चिटपाखरू नाहीये."

"छातीवरचं नाव वाच."

"ब्रँट. लायसन्सवर आपलं आडनाव बघून हसला. म्हणतो, तुझ्या बाबांच्या पत्रावरच इथं नोकरी लागली." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, तो फोन बंद करून खाली उतर म्हणतोय."