रिकामी होडी

दुपारच्या जेवणानंतर अच्युतराव अंथरुणाला खिळलेल्या विमलताईंना पोर्तुगीज कविता वाचून दाखवत. इंग्रजी अनुवाद मनात वाचायचा आणि चाचरत मराठीत सांगायचा.

त्या दिवशी कवितेतला नावाडी आजारी बाईला होडीत बसवून घेऊन गेला. अच्युतरावांना ते सांगवेना. "...आणि होडी रिकामीच परत गेली," ते पुटपुटले.

विमलताई हसल्या. "अहो, खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलंय का? तो मघापासून माझ्या पायाशी बसलाय. तुमचं वाचन संपायची वाट बघतोय बिचारा."

पायाशी कुणीच नव्हतं. गादी मात्र तिथे खोल दबली होती आणि खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

ती पुस्तकातली शेवटची कविता होती. थांबून चालणार नव्हतं, आणि वाचलेलंच पुन्हा वाचून त्याला फसवायची अच्युतरावांची छाती होईना. मग ते डाव्या पानावर छापलेलं मूळ पोर्तुगीजच मोठ्याने वाचू लागले, एकही शब्द कळत नसताना, अक्षराला अक्षर जोडत.

दुसऱ्याच ओळीला पायाशी कुणीतरी खाकरलं आणि हळूच त्यांचा उच्चार सुधारला.

अच्युतरावांनी ती ओळ नीट म्हटली, आणि विमलताईंचा हात घट्ट धरून पुढची वाचायला घेतली.