आईच्या हातची माती

माळ्याने कुंडी आडवी केली, बुडाला दोन थापा मारल्या आणि झाड मातीसकट सटकन बाहेर आलं. मागोमाग तांब्याभर काळं पाणी आलं. असा वास सुटला, की बायकोने नाकाला पदर लावला.

“मुळं कुजलीत, साहेब,” माळी म्हणाला. “पाणी कोण घालतं?”

“मी,” नवरा म्हणाला. “रोज सकाळी, न चुकता.”

“मी दुपारी घालते, थोडंसं,” बायको म्हणाली. “उद्या सुकलं तर माझ्या नावाने खडे फोडायला नकोत.”

“संध्याकाळी मी घालते,” आतून कामवाली बाई म्हणाली. “मला कोणी घाल म्हणालं नाही. पण नको घालू असंही म्हणालं नाही.”

माळ्याने कुंडी उजेडात उलटी धरली. “आणि भोक कुठंय हिचं?”

“बुजवलं. सिमेंटने.” नवऱ्याच्या आवाजात अभिमान होता. “आईच्या हातची माती आहे ती. वाहून जाऊ द्यायची?”

आई जाऊन चार वर्षं झाली होती. वाटणीच्या दिवशी थोरल्याने घर घेतलं, बहिणीने दागिने घेतले आणि धाकट्याला ही कुंडी मिळाली. “आईचा जीव होता रे या झाडात,” थोरला गहिवरून म्हणाला होता. घराची किल्ली तेव्हा त्याच्याच खिशात होती. धाकट्याने मात्र ते वाक्य मनाला लावून घेतलं. कुंडीत चहाचा चोथा पडला, अंड्याची टरफलं पडली, एकदा तर त्याच्या स्वतःच्या औषधातली व्हिटॅमिनची गोळीही पडली. झाड पिवळं पडत गेलं. चार वर्षांत नवराबायको घराबाहेर एक रात्रही एकत्र राहिले नाहीत. कोणाचं लग्न असो की आजारपण, एकाने जायचं आणि दुसऱ्याने झाडापाशी थांबायचं. थांबणारा नेहमी तोच.

या वेळी मुलीने बजावलं होतं. नवीन घर घेतलंय, दोघं मिळून आलात तरच या. शनिवारची तिकिटं होती. बायकोने ती फ्रिजच्या दारावर लावली होती. येता-जाता ती त्यांच्याकडे बघायची, आजारी माणसाचा ताप बघावा तशी.

माळ्याने चाकू पुसला आणि काळी, मऊ पडलेली मुळं कापायला सुरुवात केली. “ऐका नीट. दोन दिवस हे असंच उघडं, सावलीत वाळू द्या. मग नवी माती घ्या, निम्मी वाळू मिसळून. कुंडीला भोक हवं. खिडकीपाशी ठेवा आणि आठ दिवस पाण्याचं नाव काढू नका. पुढेही रोज नाही घालायचं. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर बोट धुवायचं आणि गप्प बसायचं.”

“आठ दिवस पाणी नाही?” बायकोचा चेहरा उजळला. “म्हणजे घरात कोणी नसलं तरी चालेल?”

“कोणी नसलं तर उत्तमच, वहिनी.”

“ऐकलंत ना?”

“ऐकलं,” नवरा गंभीरपणे म्हणाला. “आता तर मला थांबायलाच हवं. चुकून कोणी पाणी घातलं तर? लक्ष ठेवायला घरात माणूस नको?”

बायको खुर्चीवर बसली. “अहो, कोणी म्हणजे कोण? कुलूपबंद घरात पाणी घालायला चोर येणार आहे का?”

“कामवालीकडे किल्ली असते.”

“माझं नाव घेऊ नका,” आतून आवाज आला.

“तू जा. मुलीला सांग, पुढच्या वेळी नक्की.”

“‘पुढच्या वेळी नक्की’ हे मला मागच्या वेळीही सांगायला लावलं होतंत.”

तेवढ्यात दारात आईच्या जुन्या इमारतीतली मावशी उभी राहिली. तीस वर्षांची आईची शेजारीण. बायको मुलीकडे निघणार म्हणून त्या मुलीच्या लेकीसाठी विणलेला स्वेटर द्यायला ती पहिल्यांदाच या घरी आली होती. तिची नजर वर्तमानपत्रावर पसरलेल्या झाडावर गेली.

“अगंबाई! हे अजून आहे?”

“आईची आठवण आहे, मावशी,” नवरा म्हणाला.

“आईची कसली? माझं झाड आहे ते. लेकाकडे गेले होते ना मी, तेव्हा तुझ्या आईकडे ठेवलं होतं, आठ दिवसांसाठी. परत आले तर ती अंथरुणाला खिळलेली. अशा वेळी कुंडी कुठे मागत बसायची?”

माळ्याचा चाकू थांबला. कामवाली हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

“पण आईला झाडांचं फार वेड होतं,” नवरा म्हणाला. हे वाक्य त्याने पुष्कळदा म्हटलं होतं. या वेळी ते शेवटाकडे जरा लटपटलं.

“तिला?” मावशी हसली. “अरे, आठ दिवस ठेवून घ्यायलाही कुरकुरत होती. म्हणाली, सगळा जन्म कोणाच्या ना कोणाच्या तोंडाशी पाणी धरण्यात गेला, आता हे आणखी एक. एकदा दाराला कुलूप लावायचं आणि मागे वळून न बघता कुठेतरी जाऊन यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. राहिलं बिचारीचं.”

नवरा उठून आत गेला. कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला, मग एकामागून एक खण ओढल्याचा.

“अगं,” शेवटी तो आतून म्हणाला, “आपलं मोठं कुलूप कुठे असतं?”

बायको आठवू लागली. तिलाही काही केल्या आठवेना.